आठ तासांचा ताप

जिजानं अकरा वर्षं ब्रेकर पाडले. पगारावर, बसून, दिवसाला आठ-नऊशे.

हद्दीपलीकडे गुजरातेत, उमरगावच्या जीआयडीसीत विजेची बटणं-बिटणं बनवणारी एक कंपनी होती. तलासरी तालुक्यातल्या बायकांना न्यायला पहाटे तिची बस यायची. त्या बसमध्ये उधव्याहून चढणारी जिजा टेस्टिंगच्या टेबलावर बसायची. समोर पट्ट्यावरून पांढऱ्या डब्या यायच्या. घरात जेवढा करंट वायरीतून जातो तेवढाच परत येतो की नाही, एवढंच बघत बसायचं हे त्या डबीचं काम. मध्ये कुठे जरा गळती झाली, कुणाच्या अंगातून नाहीतर ओल्या भिंतीतून करंट जमिनीत उतरायला लागला, की डबीनं डोळ्याची पापणी लवायच्या आत खट्कन पडायचं आणि घराचा करंट तोडायचा. जिजा प्रत्येक डबीला मुद्दाम थोडी गळती दाखवायची. पडली की हिरव्या ट्रेमध्ये, नाही पडली की लाल ट्रेमध्ये. पुढे पुढे तर तिला काटा बघावा लागेना. नुसत्या आवाजावरून ती सांगायची, ही उशिरा पडली, हिची स्प्रिंग ढिली आहे.

"जिजाबेन, तमारा कान तो मशीन छे मशीन!" सुपरवायझर दक्षाबेन म्हणायच्या.

मग एक दिवस कंपनीत खरंच मशीन आलं आणि जिजाला स्टीलचा डब्यांचा सेट देऊन घरी पाठवलं. सेट चांगला होता. वरचं एक झाकण तेवढं बसत नव्हतं. टेबलावर आलं असतं तर ते तिनं लाल ट्रेमध्ये टाकलं असतं.

गावात आल्यावर ती अंगणवाडीत मदतनीस झाली. त्याच सुमारास तिचं घरकुल उभं राहिलं. घरात कपाट नव्हतं, देवांना धड फळी नव्हती, पण दारामागे ब्रेकर आधी बसला. तो तलासरीच्या दुकानातून आणताना तिनं दुकानदाराकडून सात डब्या काढून घेतल्या आणि एकेक कानाशी धरून खटका पाडून ऐकली. दुकानदारानं गिऱ्हाईक वेडं आहे असं ठरवून पाणी विचारलं. जिजानं पाचवी डबी निवडली. घरामागे खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून, अर्थिंगही तिनं स्वतःच केलं. सोनीबाईनं, म्हणजे तिच्या सासूनं, सुनेनं जमिनीत काय पुरलं म्हणून दोन दिवस चौकशी केली. समाधान झालं नाही, तेव्हा देवांच्या फळीची वाट न बघता तिनं ब्रेकरलाच कुंकू लावून टाकलं. काय सांगावं, तोही काहीतरी असेलच.

तर अशा त्या घरात फ्रिज आला.

जिजाचा नवरा हिरू घोलवडच्या एका चिकूवाडीत पॅकिंगला जायचा. वाडीच्या मालकिणीनं नवा फ्रिज घेतला आणि जुना हिरूला देऊन टाकला. "चांगला आहे रे," ती म्हणाली, "जरा लहरी आहे, एवढंच." माणसाच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं तर आपण सोयरीक मोडतो. हिरूनं फ्रिज चिकूच्या टेम्पोत चढवला आणि हसत हसत उधव्याला आणला.

फ्रिज दोन दारांचा, आत बर्फाचे थर न जमणारा, आणि हिरूपेक्षा टीचभर उंच. घराच्या दारातून तो आत जाईना. मग फ्रिजची दारं काढली, तरी जाईना. मग घराचं दार काढलं. आत गेल्यावर दारं उलटसुलट होता होता वाचली. संध्याकाळपर्यंत अख्खा पाडा फ्रिज बघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक आपापलं सामान आणून ठेवायला लागले. कुणाचा झाईहून आणलेला मासा, कुणाच्या लग्नाचे हार, शुक्रा भगताची कोंबड्यांना द्यायची लस, हिरूची ताडीची बाटली. सोनीबाईनं तिची मशेरीची डबी अंड्यांच्या खणात ठेवली. तिच्या मते थंड मशेरी दाताला लागत नाही.

पहिले दोन दिवस लाईटच सारखी येत-जात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी खट् झालं आणि घरातला पंखा थांबला.

जिजा अंगणवाडीतून आली तेव्हा हिरू ब्रेकरसमोर उभा राहून त्याला अद्वातद्वा बोलत होता.

"तुझी डबी बिघडली बघ."

"बिघडली नाय. पडली."

"तेच ते."

"तेच ते कसं? बिघडली असती तर पडली नसती."

हिरूला हे पटणं शक्यच नव्हतं. जी वस्तू आपला पंखा बंद करते ती चांगली कशी, हा त्याचा साधा सवाल होता, आणि पाड्यावर सगळे त्याच्याच बाजूचे. जिजानं ब्रेकर वर केला, फ्रिज सुरू झाला, पंखा फिरला. रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि दर वेळी कुणी ना कुणी त्या बिचाऱ्या डबीचा उद्धार करायचं. 'फालतू माल', 'चायनाचा दिसतो', 'हलका आहे, जड टाका'. जिजाला हे ऐकून अंगाला मिरच्या झोंबायच्या. आपल्या पोराला शाळेत मास्तरानं उगाच मारलं की होतं, तसं.

तिनं कंपनीतल्या शिस्तीनं कामाला सुरुवात केली. आधी ब्रेकरवरचं तपासणीचं बारकं बटण दाबलं. खट्! आवाज कोरा करकरीत. म्हणजे पहारेकरी ठीक. मग दोन दिवस फ्रिजचा प्लग काढून बाकी सगळं चालू ठेवलं. पंखा, मिक्सर, टीव्ही, पाण्याची मोटर. ब्रेकर जागचा हलला नाही. त्या दोन दिवसांत पाड्यावरचे मासे वास मारायला लागले आणि जिजाच्या संशोधनाबद्दल लोक काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. मग सगळं बंद करून एकटा फ्रिज ठेवला. दुपारपर्यंत शहाण्यासारखा चालला आणि मग खट्.

म्हणजे चोर फ्रिजमध्ये. पण कुठला? कंप्रेसर दिवसातून वीस वेळा घरघरत सुरू व्हायचा, वीस वेळा बंद पडायचा, तेव्हा काही होत नव्हतं. दार उघडलं, दिवा लागला, तेव्हा काही नाही. जिजा फ्रिजसमोर मांडी घालून बसली आणि तिला पहिल्यांदा कळलं की अकरा वर्षं आपण पहारेकरी तपासले. चोर कधी बघितलाच नाही.

पाड्यावरचा वायरमन म्हणजे रघ्या. वापीला मंडपाच्या लायटिंगवर चार वर्षं हेल्परकी करून तो आला होता, आणि कुठल्याही दुखण्यावर त्याचं एकच औषध होतं.

"डायरेक्ट करून टाकू, वहिनी."

"काय डायरेक्ट?"

"ही डबी काढू, वायरीला वायर जोडू. झंझटच नाय."

"रघ्या, डबीला हात लावलास तर तो हात मी डायरेक्ट करून टाकीन."

रघ्या हसत गेला, पण हिरूच्या कानाशी लागूनच गेला.

इकडे सोनीबाईनं स्वतःच्या पद्धतीनं मार्ग काढला आणि शुक्रा भगताला बोलावून आणलं. शुक्रा साठीच्या पुढचा, उन्हानं वाळलेला, बोलायला कंजूष. पाड्यावर कुणाला ताप आला, गाय आटली, पोर रडायचं थांबेना, की त्याला बोलावणं जायचं. त्याची कोंबड्यांची लस ह्याच फ्रिजात होती, त्यामुळे कुठल्याही दैवी शक्तीचं ह्या फ्रिजाशी वाकडं असू नये, अशी त्याचीही मनापासून इच्छा होती. तो आला, फ्रिजच्या पाठीला कान लावून ऐकलं, खाली वाकून वास घेतला, चहा मागितला.

"कधी येतो?" त्यानं विचारलं.

"काय कधी येतो?" जिजा म्हणाली.

"ताप. हा खटका गं तुझा. रोज येतो? दिवसाआड येतो? सकाळी येतो का तिन्हीसांजेला?"

"कधीपण येतो."

"कधीपण काय येत नाय." शुक्रा चिडला. "ताप म्हटला की त्याची वेळ असते. एकाचा रोज चढतो, एकाचा तिसऱ्या दिवशी. वेळ कळली की कुठला ताप ते कळतं. तू वेळच बघितली नाय, तर मी काय ह्याची नाडी धरू? ह्याला नाडी हाय का?" चहा संपवून तो उठला. "आणि सोनीबाय, ह्यात कुणी शिरलेलं-बिरलेलं नाय. लायटीवाल्यांचं काम हाय. माझी लस सांभाळा."

सोनीबाईची फार निराशा झाली. जिजा मात्र जागच्या जागी थिजली. टेस्टिंगच्या टेबलावर अकरा वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं? किती वेळात पडली, हेच तर बघितलं होतं. आणि स्वतःच्या घरात तेवढं बघायचं राहिलं, ते एका भगतानं चहा पिता पिता सांगावं! तिला राग आला आणि हसूही आलं.

त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं अंगणवाडीच्या पेन्सिलीनं वेळा लिहायला सुरुवात केली. ब्रेकर वर कधी केला, पडला कधी. पोरांची वजनं लिहितात तसं. घरात कुणी नसेल तेव्हा सोनीबाई पहाऱ्यावर. तिला घड्याळ कळत नव्हतं, म्हणून ती उन्हाची तिरीप जमिनीवर कुठे होती तिथे खूण करून ठेवायची, आणि त्या खुणांवरून कुणी पाय ठेवून गेलं की घर डोक्यावर घ्यायची.

नऊ दिवसांनी जिजा कॅलेंडरसमोर उभी राहिली. सकाळी सहाला वर केला, दोनला पडला. दोनला वर केला, रात्री दहाला पडला. एकदा सव्वा दहा, एकदा पावणेदहा, पण सगळीकडे साधारण आठ तास. नऊ दिवसांत फक्त दोन दिवस असे होते की ब्रेकर पडलाच नव्हता, आणि दोन्ही दिवशी गावातली लाईट दिवसरात्र दर पाच-सहा तासांनी गेली होती. लाईट गेली की फ्रिज बंद, आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आठ तास पुरेच होत नव्हते!

"ह्याच्या पोटात काहीतरी हाय," ती हिरूला म्हणाली, "ते सलग आठ तास झाले की उठतं."

"तू आता भगतासारखी बोलायला लागलीस," हिरू म्हणाला.

ते काय आहे हे शोधायच्या आधीच तिला दोन दिवस तलासरीला अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. पोषण आहारावर दोन दिवस ऐकून, एक समोसा खाऊन ती परत आली, तर घरात सण असल्यासारखं वातावरण. रघ्या ओटीवर पाय पसरून बसलेला, हिरू त्याला ताडी ओततोय.

"काय झालं?"

"झालं!" हिरू म्हणाला. "दोन दिवस खटका नाय. रघ्यानं पाच मिनिटात काम केलं."

जिजा चपला न काढताच दारामागे गेली. ब्रेकर जागेवर होता, कुंकवासकट. रघ्या शब्दाला जागला होता, डबीला हात लावला नव्हता. मग ती फ्रिजमागे गेली आणि प्लग उपसून हातात घेतला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन मुळापासून कापलेली.

"अर्थिंगची पिन कापलीस?"

"फालतू असते ती, वहिनी. गावात कुणाची असते? कंपनीवाले शोभेला देतात."

जिजा खाली बसली. मग बोलली ते सावकाश, पोरांना क-ख-ग शिकवतात तसं. "गळती होती ती त्या पिनेतून जमिनीत जायची. जाताना डबीला दिसायची. डबी पडायची. तू गळती बंद नाय केलीस रघ्या, तिची वाट बंद केलीस. आता ती फ्रिजच्या पत्र्यावर बसून राहील, कुणाचा हात लागतो त्याची वाट बघत."

"मी दोन दिवस हात लावतोय की!" रघ्या उठला आणि फ्रिजच्या दाराला दोन्ही तळवे चिकटवून उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून लपाछपीत राज्य घेतात तसा. "बघ. कुठे हाय गळती?"

"आत्ता नाय. आठ तासांनी."

ओटीवरचे सगळे हसले. जिजा हसली नाही. त्या संध्याकाळी तिनं प्लग काढून ठेवला आणि सांगितलं, उद्या रविवार आहे, सकाळी सहाला मी ह्याच कापल्या प्लगनं फ्रिज लावते, कुणी हात लावायचा नाही, दोन वाजता ज्याला बघायचं त्यानं या.

दोन वाजता निम्मा पाडा आला. उधव्यात रविवारी दुपारी बघण्यासारखं दुसरं काही नसतं. बायका शेंगा सोलायचं काम घेऊन आल्या. शुक्रा भगतानं येऊन आधी लस काढून घेतली आणि ती पिशवी मांडीवर ठेवून तो बसला. जिजानं फ्रिजसमोर बाज आडवी टाकली होती आणि हातात टेस्टर घेऊन ती उभी होती. दर दोन मिनिटांनी ती टेस्टरचं टोक फ्रिजच्या पत्र्याला लावायची. टेस्टरमधला दिवा विझलेला.

दोन वाजले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. रघ्या उशिरा आला, थेट शेतातून, मोटरच्या पाण्यात भिजलेले पाय घेऊन, अनवाणी.

"काय वहिनी, आला का ताप?"

लोक हसले. कुणीतरी फ्रिजच्या कपाळावर ओली पट्टी ठेवा म्हणालं. जिजानं टेस्टर पुन्हा लावून बघितला. विझलेलाच. समजा आज नाहीच झालं तर? समजा रघ्याचं खरं असेल? दोन वाजून चौदा मिनिटांनी कंप्रेसरची घरघर थांबली. आत कुठेतरी टिक् असा बारीक आवाज झाला, शेंगा सोलण्याच्या आवाजापेक्षाही बारीक. जिजानं तो ऐकला. तिनं टेस्टर लावला.

दिवा लागला. नारिंगी, चांगला ठळक.

"हा बघा! सगळ्यांनी मागं व्हा."

"टेस्टर खराब हाय," रघ्या म्हणाला.

"रघ्या, मागं हो."

"अगं काल दिवसभर हात लावून—"

"पाय ओले हायत तुझे! हात लावू नको!"

ती त्याला अडवायला वळली, पण बाज मध्ये होती, आणि रघ्याचा हात तिच्या खांद्यावरून पुढे गेला. त्याचं बोट पत्र्याला लागलं. दारामागे खट् झालं, पंखा थांबला आणि रघ्या 'आऽ' करून मागे जो गेला तो थेट हिरूनं आणलेल्या पिकल्या चिकूंच्या टोपलीत बसला.

मग रघ्यानं आपला हात वर धरून बघितला, बोटं मोजली, आणि बुडाखालच्या चिकूंचा ओलावा जाणवून चेहरा असा काही केला की सोनीबाईनं आधी "अरे देवा" म्हटलं आणि लगेच तोंडाला पदर लावला. मग जे हसू फुटलं ते आवरेना.

जिजा एकटीच हसत नव्हती. तिनं रघ्याला धरून उठवलं, बोलतं केलं, छातीत धडधड होते का विचारलं, घरातला गूळ-पाणी पाजलं. "बराय मी, बराय," तो म्हणत राहिला, पण आवाज कुठून तरी खोलातून येत होता. मग ती दारामागे गेली. ब्रेकरची दांडी खाली पडलेली होती. तिनं ती लगेच वर केली नाही. तिथेच भिंतीला टेकून बसली. अकरा वर्षांत तिनं लाखांनी डब्या हिरव्या ट्रेमध्ये टाकल्या. खोके भरून ट्रकनं कुठे कुठे गेल्या, कुणाच्या दारामागे बसल्या, तिला कधी कळलं नाही. त्यातली एखादी कधी कुणासाठी पडली का, हेही नाही. आज एक तिच्या डोळ्यांसमोर पडली होती आणि रघ्या बाहेर चिकूनं माखलेला बसला होता, जिवंत. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "आता कोण म्हणतं डबी बिघडली?"

हिरूनं त्या दिवशी पाणीसुद्धा माठातलं प्यायलं.

गंमत म्हणजे फ्रिजवाल्याचा नंबर रघ्यानंच दिला. डहाणूला नितीन म्हणून एकजण फक्त फ्रिजच दुरुस्त करायचा. जिजानं फोन लावला. नितीन घाईत होता.

"ट्रिप होतोय ना? कंप्रेसर गेला, ताई. नवा टाकावा लागेल."

"कंप्रेसर गेला असता तर तो सुरू होताना पडला असता. कंप्रेसर दिवसात वीस वेळा सुरू होतो. हा सुरू केल्यापासून आठ तासांनी पडतो, कंप्रेसर बंद झाल्यावर. मध्ये लाईट गेली तर आठ तास पहिल्यापासून."

पलीकडे हातातला पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ताई, तुम्ही कुठल्या लाईनीत?"

"ब्रेकरच्या."

"मग हीटर आहे. मी उद्या येतो."

"हीटर? फ्रिजात?"

ही बातमी पाड्यावर पसरायला पाच मिनिटं लागली. थंड करायच्या पेटीत चूल! रघ्याला झटका बसला ते लोकांनी मानलं होतं, भगतानं तापाची वेळ बघायला सांगितली तेही मानलं होतं, पण हे मात्र कुणी मानायला तयार नव्हतं. सोनीबाईनं निकाल दिला, "तो नितीन पिऊन बोलला असेल."

नितीन मोटरसायकलवर आला, पाठीला सॅक, खिशात तीन पेचकस. त्यानं वरच्या खणातली मागची पांढरी फळी काढली. मागे बर्फानं माखलेल्या नळ्यांची जाळी होती आणि तिच्या खाली, आडवी, एक बारीक नळी. तिचं एक टोक फुगून तडकलं होतं आणि तड्यातून काळं पाणी आलं होतं.

"हा बघा चोर," नितीन म्हणाला. "ह्या फ्रिजात बर्फ जमत नाही असं आपण म्हणतो. जमतो, पण इथं मागे जमतो. मग आठ तास झाले की हा हीटर लागतो, तो बर्फ वितळवतो, पाणी खाली जातं. टोक तडकलं, पाणी शिरलं, आणि करंट पत्र्यावर आला."

सोनीबाईनं पुढे येऊन नळीला बोट लावून बघितलं, गार लागली, आणि नितीनकडे संशयानं पाहिलं. "म्हणजे आधी थंड करायचं, मग गरम करायचं, मग परत थंड करायचं?"

"हो, आजी."

"आणि हे शिकलेल्या लोकांनी बनवलं?"

नितीननं नवा हीटर बसवला, तीन पिनांचा नवा प्लग लावला, आणि ब्रेकर वर करताना त्यावरचं कुंकू बघून काही विचारायचं टाळलं. त्या दिवशी दोन वाजले, दहा वाजले, दुसऱ्या दिवशी सहा वाजले. खट् झालं नाही. शुक्राची लस परत आली. मशेरी परत आली. मालकिणीला हिरूनं सांगितलं की फ्रिज आता लहरी राहिला नाही, तर ती म्हणाली, "अगोबाई, मग उगाच दिला!" हिरू ते ऐकून दोन दिवस वाडीत तिच्या समोर यायचं टाळत होता.

रघ्या मात्र महिनाभर जिजाच्या घराकडे फिरकला नाही. चिकूंची टोपली हा पाड्यावरचा कायमचा विषय झाला होता. मग एका सकाळी तो येऊन ओटीवर बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "वहिनी, झाईला एक काम हाय. कपडे धुवायचं मशीन. सारखा खटका पडतो."

"मग कर डायरेक्ट."

"वहिनी…"

"मी कशाला येऊ?"

"मला वेळ बघता येत नाय," रघ्या म्हणाला. "म्हणजे घड्याळ येतं. पण ते तुझ्यासारखं बघायला नाय येत."

जिजा पायात चपला घालून निघाली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ती आणि रघ्या मिळून कामं करतात, म्हणजे वाटभर भांडतात आणि पोचल्यावर जिजा प्रश्न विचारते, रघ्या पेच फिरवतो. गेल्यावर पहिल्यांदा प्रत्येक घरातल्या प्लगची वरची पिन शाबूत आहे का बघायचं आणि नसेल तर रघ्यानं स्वतःच्या तोंडानं माफी मागायची, कारण दहातल्या सहा ठिकाणी ती त्यानंच कापलेली असते.

झाईच्या त्या पहिल्या कामात मशीन पुष्पा नावाच्या मासळीवालीचं होतं. पुष्पा दारातच सुरू झाली. मशीन नवं आहे, दुकानदार चोर आहे, खारी हवा आहे, नवरा आळशी आहे. जिजानं तिला बोलू दिलं, मग विचारलं, "कधी पडतो? पाणी भरताना, फिरताना, का कपडे पिळताना?"

"पिळताना!" पुष्पा म्हणाली. "जोरात हलतं ना, तेव्हाच."

रघ्यानं मशीन आडवं करून मागचा पत्रा उघडला. आत उंदरानं घर केलं होतं. चांगलं मऊ, गोल, चिंध्या लावून. आणि घर बांधताना वाटेत आलेली वायर कुरतडून ठेवली होती, मशीन हललं की ती उघडी वायर पत्र्याला लागत होती. जिजानं चिमट्यानं घरटं बाहेर काढून अंगणात ठेवलं. पुष्पा वाकून बघायला लागली, आणि बघता बघता तिचे डोळे बारीक झाले. तिनं चिंध्यांतून एक निळी पट्टी ओढून काढली.

"ही ह्यांची लुंगी!" ती घराकडे वळून ओरडली. "अहो, बाहेर या! तीन महिने माझ्या भावावर चोरीचा आळ घेत होतात ना? या, बघा कुणी नेली ते!"

आतून कुणी बाहेर आलं नाही. रघ्यानं वायरीला टेप गुंडाळायला घेतला आणि जिजानं त्याच्या हातावर चापट मारली.

"टेप नाय. नवी वायर."

"येवढ्याशा तुकड्याला?"

"नवी वायर, रघ्या."

तो पुटपुटत सॅकमध्ये वायर शोधायला लागला, आणि पुष्पा लुंगीचा तुकडा नाचवत घरात शिरली.